अंगाने बारीक, रक्तात साखर

(सोलापूर येथे कार्यकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. वैद्यकाविषयी बोलताना मला जपूनच बोलले पाहिजे. तरीही हा विषय केवळ डॉक्टरांवर सोपवून चालणार नाही, असे मला वाटते.

मधुमेह म्हटला की सुटलेले पोट, बैठे काम आणि सुबत्ता हेच चित्र आपल्या मनात उभे राहते. सोलापूरच्या पूर्व भागात दिवसभर यंत्रमागापाशी उभा राहणारा कामगार किंवा मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी भगिनी या चित्रात बसत नाही. म्हणून त्यांची तपासणी होत नाही, आणि पायाची जखम चिघळल्यावरच रोग कळतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे सारे लठ्ठ खासच नाहीत.

या कोड्याची उकल महाराष्ट्रातच झाली, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर मातांचा अभ्यास केला. त्या मातांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीचे. २००४ मध्ये याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचे आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र छापले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! पुढे याच मातांमध्ये बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. शाकाहारी घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

येथे कोणी म्हणेल, चरकाचार्यांनी स्थूल आणि कृश असे प्रमेही वेगळे सांगून त्यांची चिकित्साही वेगळी सांगितलीच आहे. सांगितली आहे, आणि ते निरीक्षण थोर आहे. परंतु चरकांचा कृश प्रमेही आणि याज्ञिकांचे बारीक बाळ एकच, असे घाईने म्हणू नये. पूर्वजांचा अभिमान बाळगावा. पण ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्याला काढ्यावर ठेवू नये. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. संशोधकांनी त्याचे पेटंट प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले. याला सेवा नाही तर काय म्हणावे?

आता वैद्यांच्या कामाकडे वळतो. अंतःस्रावी ग्रंथींचा तज्ज्ञ एम.डी.नंतर आणखी तीन वर्षे शिकून तयार होतो. थायरॉईड, मुलांची खुंटलेली वाढ, मुलींच्या पाळीच्या तक्रारी हे सारे त्याच्याकडे येते. पण आपल्या भाषेत तो ‘शुगरचा डॉक्टर’. त्याचे खरे काम औषधाची चिठ्ठी लिहून झाल्यावर सुरू होते. तो रुग्णाला मोजे काढायला सांगतो आणि नायलॉनचा एक धागा तळपायाला टेकवतो. तो धागा १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो. सुताच्या या शहरात त्याचे नवल वाटू नये! धाग्याचा स्पर्श कळला नाही, तर पायाची संवेदना गेली असे समजायचे. मग अनवाणी फिरणे बंद. पंढरीच्या वाटेवर अनवाणी चालणाऱ्यांच्या बाबतीत हा धागा किती मोलाचा आहे, ते सांगायला नको.

एकादशीचेही तसेच. ‘उपास करू नका’ एवढेच सांगणारा डॉक्टर रुग्ण गमावतो. रुग्ण उपास करतोच, फक्त सांगत नाही. ‘त्या दिवशी काय खाता?’ असे विचारणारा डॉक्टर गोळीची किंवा इन्सुलिनची मात्रा त्या दिवसापुरती बदलून देतो, साखर ७० च्या खाली गेली तर उपास तिथेच मोडायचा असे बजावतो आणि साबुदाण्याने साखर भराभर वाढते हेही समजावतो. मंगळवेढ्याची ज्वारी सोडून आपण रोजच्या ताटात मैदा कधी आणला, हा प्रश्नही तो विचारतो. अर्थात भाकरी आहे म्हणून चार खाव्यात, असे नव्हे.

सोलापूरचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे. उघडलेली इन्सुलिनची कुपी साधारण ३० अंशांच्या आत ठेवावी लागते. सेवावस्तीतील ज्या घरात फ्रीज नाही, तेथे पाण्याच्या दोन मडक्यांची सोय उपयोगी पडते. लहान मडके मोठ्यात ठेवायचे, मधल्या जागेत ओली वाळू भरायची आणि कुपी आतल्या मडक्यात कोरडी राहील अशी ठेवायची. हे घरी जाऊन दाखवणे डॉक्टरला जमणार नाही. आपल्या कार्यकर्त्याला जमेल.

शेवटचा मुद्दा थोडा अवघड आहे. मुलाला लहानपणापासून इन्सुलिन घ्यावे लागत असेल तर घर ते सांगते. मुलीला लागत असेल तर लपवते. स्थळे पाहताना लपवले जाते, मग सासरी ती न्हाणीघरात चोरून इंजेक्शन घेते, आणि पाहुणे असले की चुकवते. एखादा दिवस चुकला तरी अशी मुलगी अत्यवस्थ होऊ शकते. गर्भ राहण्याआधी काही महिने साखर काबूत ठेवली, तर अशी स्त्री निरोगी बाळाला जन्म देऊ शकते. पण त्यासाठी तिने पतीला बरोबर घेऊन डॉक्टरकडे जायला हवे, आणि जे लपवले आहे ते घेऊन कसे जाणार? आपल्यापैकी अनेकजण वधूवर मेळावे भरवतात. परिचयपत्राचा नमुना तुमच्याच हातात असतो. मुला-मुलींच्या प्रकृतीची माहिती मोकळेपणाने लिहिता येईल अशी एक ओळ त्यात घाला, आणि ती वाचून पुढे येणाऱ्या पहिल्या घराच्या पाठीशी उभे राहा.