दोरी सुटली, तोल कोण सांभाळणार?

मंडळी, आपल्या मिरजेजवळच सांगली. तिथे १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. कळसूत्री बाहुली तर आपण सर्वांनीच पाहिली आहे. दोरी ओढली की तिचा हात वर जातो. दोरी सोडली की ती कोसळते. तोल बाहुलीचा नसतो, दोरी धरणाऱ्याचा असतो.

आता मोबाईलवर आपण हलती चित्रं पाहतो. ती संगणकावर करतात. त्यांतली पुष्कळ या बाहुलीसारखीच असतात. हात कुठे, पाय कुठे, ते चित्रकार ठरवतो. समजा, त्याने कमरेवर भरली घागर घेतलेली बाई ताठ चालताना दाखवली. आपल्या बायका लगेच हसतील. म्हणतील, “अगं बाई, घागर रिकामीच दिसते!” कारण घागर डावीकडे असली की अंग उजवीकडे झुकतं. हे कुणी शिकवत नाही. वजनच शिकवतं.

म्हणून काही शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. संगणकातल्या माणसाला त्यांनी वजन दिलं, गुडघ्या-घोट्याचे सांधे दिले, पायाखाली जमीन दिली. दोरी मात्र काढून घेतली. झालं काय? माणूस धाडकन पडला! सांध्यांत जोर कोण लावणार? तेव्हा संगणकाला हिशोब शिकवला. अंग किती कललं, किती वेगानं कललं, हे क्षणोक्षणी पाहायचं. त्या मानानं सांध्यांत जोर लावायचा. पुढचं पाऊल कुठे टाकायचं, ते ठरवायचं.

१९९५ साली अमेरिकेत जेसिका हॉजिन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी असा माणूस पळवून दाखवला, सायकलवरही बसवला. २०१८ साली कॅलिफोर्नियात असा माणूस खऱ्या माणसाची नक्कल करत शिकला. पडला, पुन्हा उभा राहिला. जमलं तेवढे गुण मिळाले. असं करत करत तो मागे कोलांटउडी मारू लागला.

मंडळी, पहिल्या दिवशी पाटीवर अक्षर गिरवताना आपलाही हात कुणीतरी धरला होता. आता तो सोडला आहे. अक्षर वाकडं येईल. येऊ द्या. कुठे कललं ते पाहा, आणि पुन्हा लिहा. तोल असाच येतो.