जीवनातील समान सूत्र



आयुष्यातील वळणे येतात तेव्हा ती परस्परांशी असंबद्ध भासतात. त्यांतील सूत्र मागाहून दिसते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेच चरित्र पाहावे. किशोरवयात ते परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास पायी गेले. परंतु वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे १८९३ साली त्यांनी ग्रामस्थांचा बहिष्कार सोसून विधवा गोदूबाईंशी विवाह केला; १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला; १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले; आणि १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाचे कार्य हाती घेतले. दाराबाहेर राहिलेल्यास आत घेणे, हेच या सर्वांचे सूत्र होय, असे आम्हांस वाटते.

निवृत्तीनंतर आम्हीही आमच्या बदल्यांची यादी केली. गावे निराळी, शाळा निराळ्या. परंतु सर्वत्र आमचा जीव गुंतला तो मागच्या बाकावरील मुलांत.

आपणही आपल्या आयुष्यातील चार-पाच वळणे वहीत लिहावीत व प्रत्येकापुढे ‘तेव्हा आपण कोणासाठी झटलो?’ एवढाच प्रश्न मांडावा. जे उत्तर मिळेल ते हयातीतच नातवंडांना सांगावे. घर-जमिनीच्या वाटण्या कागदावर होतात; हा वारसा मात्र सांगितल्यावाचून पोहोचत नाही.