पेट्रोलचा काटा आणि आमची वही

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मी वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावहून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आपल्या या कार्यक्रमात आपण लोणच्याचं पॅकिंग, कर्जाचे हप्ते, सोयाबीनची प्रतवारी असं पुष्कळ ऐकलं. आज मी जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहे. जुन्या गाडीतला पेट्रोलचा काटा. तुम्ही म्हणाल, हा तर मिस्त्रीचा विषय. मलाही तसंच वाटायचं. पण या काट्यापायी आमच्या गटात एका बाईवर चोरीचा आळ आला होता. म्हणून बोलते आहे.

आमच्या एका गटानं तीन वर्षांपूर्वी एक जुनी व्हॅन घेतली. डाळ, हळद, तिखट बाजाराला न्यायचं, आणि रिकाम्या दिवशी भाडं मारायचं. गटातल्याच एका सुनेनं गाडी चालवायला शिकून लायसन काढलं. ती आमची ड्रायव्हर ताई. गावात आधी लोक हसले, मग सवय झाली.

गाडी आली तशी तक्रारही आली. संध्याकाळी गाडी उभी केली तेव्हा काटा अर्ध्यावर. सकाळी निघाली, चौकापर्यंत गेली नाही तोच काटा खाली, पाव टाकीवर. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मासिक बैठकीत खजिनदार काकूंनी विचारलंच, "काल तं अर्धा काटा होता वो. रातच्या रातीत पेट्रोल गेलं कुठं?"

कुणी नाव घेतलं नाही. पण गाडी रात्री कुणाच्या अंगणात उभी असते, हे सगळ्यांना माहीत होतं. ड्रायव्हर ताई म्हणाली, "मी हातबी नाही लावला." त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मैत्रिणींनो, समन्वयक म्हणून तिथं मी बोलायला पाहिजे होतं. मी खाली मान घालून वहीत पाहत बसले. हे आज रेडिओवर सांगते आहे, कारण ती माझी चूक होती.

त्यानंतर खजिनदार काकू काटा पाहूनच पेट्रोलचे पैसे देऊ लागल्या. एक दिवस कारंज्याच्या बाजाराला जायचं होतं. ड्रायव्हर ताईनं पैसे मागितले. काकूंनी गाडीत डोकावून पाहिलं. काटा अर्ध्यावर. "येवढं बक्कळ हाये, परत येऊन टाकू," म्हणाल्या, आणि स्वतःही गाडीत बसल्या. परत येताना अंधार पडल्यावर, दोन्ही बाजूंना नुसती तुरीची शेतं अशा ठिकाणी, गाडी दोन झटके देऊन बंद पडली. गाडीत पाच बाया, एकीचं लहान लेकरू, आणि विक्रीचे पैसे. काटा तेव्हाही पाव टाकीच्या वरच होता. एका दुचाकीवाल्या भावानं पेट्रोल आणून देईपर्यंत तासाच्या वर गेला. त्या तासात काकूंनी त्या काट्याकडं पुन्हा पुन्हा पाहिलं. टाकी रिकामी, आणि काटा सांगतो आहे की पेट्रोल आहे. मग त्यांच्याच तोंडून निघालं, "मंग हा काटाच खोटा हाये का?"

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली. आम्ही तिघी तिथंच उभ्या राहिलो आणि मिस्त्री भाऊंना एकेक गोष्ट विचारली. ती तुम्हाला सांगते.

आपल्या घरच्या कुलरच्या टाकीत एक बॉल असतो. पाणी चढलं की तो वर येतो, उतरलं की खाली जातो. पेट्रोलच्या टाकीतही तसाच एक तरंगणारा फ्लोट असतो, एका तारेच्या दांडीला लावलेला. फ्लोट खाली-वर होतो तशी दांडी फिरते. दांडीचं दुसरं टोक एका छोट्या पट्टीवर घासत सरकतं. त्या पट्टीतून वीज जाते. दांडी कुठं टेकली आहे त्याप्रमाणे वीज कमी-जास्त होते, आणि तेवढाच आपल्या समोरचा काटा हलतो. म्हणजे काटा पेट्रोल मोजत नाही. तो फक्त दांडी कुठं आहे ते सांगतो. दांडी अडकली तर काटाही अडकला.

आमच्या गाडीत हेच झालं होतं. दांडी फिरते त्या ठिकाणी गंज धरला होता. पेट्रोल कमी व्हायचं, पण दांडी मध्यावरच अडकून राहायची. काटा अर्धा दाखवायचा. मग सकाळी गाडी खड्ड्यातून गेली, हादरा बसला, की दांडी सुटायची आणि काटा धपकन खाली यायचा. रात्री पेट्रोल कुठं गेलंच नव्हतं. ते आदल्या दिवशीच रस्त्यावर जळलेलं होतं.

आता काटा चुकतो आहे असं वाटलं तर काय काय पाहायचं, ते क्रमानं ऐका.

पहिलं, गाडी सपाट जागी उभी करून काटा बघा. उतारावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं, आणि चांगला काटाही चुकीचं दाखवतो. चावी फिरवल्यावर थोडं थांबा, काही गाड्यांत काटा हळू चढतो.

दुसरं, काटा कसा चुकतो ते लिहून ठेवा. टाकी भरली तरी काटा तळालाच असेल, तर फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलेलं असू शकतं. असा फ्लोट तरंगत नाही, बुडून बसतो. काटा एका ठिकाणी अडकत असेल, तर दांडी नाहीतर पट्टी. काटा सारखा नाचत असेल, कधी दाखवतो कधी नाही, तर वायर सैल असेल किंवा अर्थिंगच्या जागी गंज असेल. काही गाड्यांत पेट्रोलचा आणि इंजिनाच्या गरमीचा असे दोन्ही काटे एकदमच चुकू लागतात. तेव्हा दोष टाकीत नसून समोरच्या मीटरकडं असण्याचा संभव जास्त. हे एवढं मिस्त्रीला सांगितलं की त्याचा वेळ आणि आपली मजुरी वाचते.

तिसरं, मिस्त्रीला आधी वायर तपासायला सांगा, लगेच टाकी उघडू देऊ नका. आमच्या मिस्त्री भाऊंनी चावी चालू ठेवून टाकीकडून येणारी वायर काढली. काटा एका टोकाला गेला. मग ती वायर क्षणभर गाडीच्या लोखंडाला टेकवली. काटा दुसऱ्या टोकाला गेला. म्हणजे मीटर चांगलं, वायर चांगली, दोष टाकीतल्या युनिटमध्ये. काटा हललाच नसता, तर टाकी उघडण्याची गरजच नव्हती.

चौथं, टाकीतलं युनिट काढायची वेळ आली तर आधी विचारा, ते कुठून निघतं? काही गाड्यांत सीटखाली झाकण असतं. काहींत पूर्ण टाकी खाली उतरवावी लागते. मजुरी त्यावर ठरते. पेट्रोल कमी असताना गाडी न्या, काम सोपं होतं. युनिट परत बसवताना रबराचा वायसर नवा टाकायला सांगा, नाहीतर गाडीत पेट्रोलचा वास येत राहतो. आम्ही आधी जुनं युनिट साफ करून बसवलं. दोन महिन्यांत पुन्हा अडकलं. मग नवं घेतलं.

आणि पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हे काम घरी करायचं नाही. पेट्रोलपेक्षा त्याची वाफ लवकर पेट घेते. टाकीत काडी घालून बघणं, मोबाईलचा उजेड धरून आत डोकावणं, जवळ विडी, चूल किंवा दिवा असणं, यातलं काहीही नको. टाकी उघडण्याआधी बॅटरीची वायर काढलेली पाहिजे. गाडीखाली ओल दिसली, वास आला, तर गाडी चालूच करू नका.

आता दुसरा भाग, वहीचा. काटा दुरुस्त झाला, पण आळ कसा धुवायचा? काटा खराब होता म्हणून चोरी झालीच नाही, असं काही सिद्ध होत नाही. लोकांच्या मनात राहतंच.

तेव्हा ड्रायव्हर ताईनं डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक छोटी वही काढली. गाडी आली त्या दिवसापासून प्रत्येक फेरीचे किलोमीटर तिनं लिहिलेले होते. मी म्हटलं, "अगं, हे तू बैठकीत का नाही दाखवलं?" ती म्हणाली, "ताई, मले कोणी विचारलंच कुठं?"

खजिनदार काकूंच्या फाईलमध्ये पेट्रोलच्या पावत्या होत्या. दोन्ही समोर ठेवून चार महिन्यांचा हिशेब केला. गाडी चालली 1,680 किलोमीटर. पेट्रोल भरलं 120 लिटर. भागाकार केला, लिटरला 14 किलोमीटर. पुढं आम्ही नीट मोजूनही पाहिलं. टाकी फुल केली, किलोमीटर लिहिले, गाडी 252 किलोमीटर चालवली, पुन्हा त्याच पंपावर टाकी फुल केली. 18 लिटर बसलं. पुन्हा 14. त्या चार महिन्यांत पेट्रोल कुणी काढलं असतं, तर त्या वेळची सरासरी कमी निघाली असती. एक लिटरही कुठं गेलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत हा हिशेब वाचून दाखवला. खजिनदार काकू उठून ताईजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "माय, माह्यं चुकलं." मीही सगळ्यांसमोर माफी मागितली. ताई लगेच हसली नाही. दोन-तीन आठवडे ती गाडीची चावी रोज संध्याकाळी काकूंकडं नेऊन द्यायची. मग काकूंनीच एक दिवस चावी परत तिच्या हातात ठेवली. आळ घ्यायला एक वाक्य लागतं, तो पुसायला किती दिवस लागतात ते आम्ही पाहिलं.

मोजमापाची चूक मोठ्यामोठ्यांनाही भोवते. 1983 च्या जुलै महिन्यात कॅनडात एका मोठ्या विमानाचे इंधनाचे काटे बंद होते. म्हणून टाकीत किती इंधन आहे ते वेगळ्या रीतीनं मोजून हिशेब केला. पण त्या हिशेबात किलोच्या जागी पौंडाचं माप धरलं गेलं. लागणार होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडालं, आणि आकाशातच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकानं इंजिनाशिवाय तरंगत विमान गिमली नावाच्या गावी जुन्या धावपट्टीवर उतरवलं. आतले सगळे, 69 जण, वाचले. म्हणून मी म्हणते, काटा बंद असेल तर वही लागते, आणि वहीतला हिशेब दोघींनी तपासायला लागतो.

तुमच्या गटाची गाडी असेल, नसेल तर घरची असेल, तर एवढं करा. वहीत पाच रकाने आखा. तारीख, किलोमीटर, किती लिटर भरलं, किती रुपये, सही. महिन्यातून एकदा फुल ते फुल मोजा. गाडीचं किलोमीटर मीटर बरोबर आहे का, तेही रस्त्याकडेचे दहा दगड मोजून पाहा. रोज टाकी फुल करणं आपल्याला परवडत नाही, हे मला माहीत आहे. 10 लिटर टाकलं तर आमची गाडी 140 किलोमीटर जाते. पण आम्ही 100 च धरतो. 100 झाले की काटा काही म्हणो, पेट्रोल टाकायचं. माल जास्त असेल, चाकात हवा कमी असेल, तर सरासरी थोडी घटते. तेवढ्यानं कुणावर संशय घेऊ नका. दर महिन्याला घटतच गेली, तर आधी गाडी तपासा.

आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब लेखन ही पाच सूत्रं आहेत. पाचवं सूत्र आपण बँकेच्या माणसाला दाखवायला पाळतो. पण ते आपल्यातल्या एकीची अब्रू राखायलाही असतं, हे मला त्या छोट्या वहीनं शिकवलं. कुणाबद्दल शंका आली तर आधी वही मागा. ती कदाचित तुमच्यासमोरच्या कप्प्यात पडलेली असेल.

आमची व्हॅन अजून चालते. काटा आता बरोबर दाखवतो. तरी वही चालूच आहे, आणि तिच्यात आता दोन सह्या असतात. एक ताईची, एक काकूंची.