शेळ्या किती घ्याव्यात?



शासकीय योजनेतील गट दहा शेळ्या व एक बोकड असा असतो. म्हणून नवख्याने दहांनीच प्रारंभ करावा, असे नव्हे. संख्या ठरवावी ती वैशाखातील चाऱ्यावरून. श्रावणात बांध हिरवे असताना कोणालाही वीस शेळ्या पोसता येतील असे वाटते! कर्ज काढून घेतलेल्या दहांपैकी चार दगावल्या, तरी हप्ता दहांचाच भरावा लागतो. भूमिहीन भगिनीने दोन-तीन उस्मानाबादी शेळ्या घ्याव्यात. बोकड गावातील चालेल. गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा, जुळी करडे या जातीत नेहमीची. कळप घरातच वाढतो. अर्ज भरून घेताना आपण चाऱ्याची चौकशी अवश्य करावी, आणि आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वीच टोचली जाईल, हेही पाहावे.