लांबून पाहिलेला कोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी हसनाबाद येथे केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी भरतकाम किंवा पाककृती यांवर कोणी बोलले असते तर ते अधिक शोभले असते. पण "तुमच्या त्या कोळ्यांवरच बोला" असा अध्यक्षबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे.

घट बसण्यापूर्वी आपण सगळ्याच जणी काठीला केरसुणी बांधून जळमटे काढतो. त्यात एखादा कोळी खाली पडला, की चप्पल आधी उचलतो आणि विचार मागून करतो. मीही तशीच होते. त्यातून आमच्या घरी एक प्रसंग घडला. सासूबाईंच्या कमरेवर एका बाजूला पट्ट्यासारखे फोड उठले. "कोळी मुतला" असे शेजारपाजारच्या सर्वांनी सांगितले आणि आम्ही आठ दिवस लेप लावीत बसलो. शेवटी डॉक्टरांकडे नेले, तेव्हा कळले की ती नागीण होती. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू अंगात दडून राहतो आणि उतारवयात असा उठतो. फोड उठल्यापासून 3 दिवसांच्या आत औषध सुरू झाले तर गुण चांगला येतो. ते 3 दिवस आम्ही कोळ्याला शिव्या देण्यात घालवले. सासूबाईंना पुढे कित्येक महिने आग सोसावी लागली. त्या बिचाऱ्या गेल्या, पण ती रुखरुख माझ्या मनातून गेली नाही.

तेव्हा ठरवले, ज्याच्यावर आपण आळ घेतला तो प्राणी एकदा नीट पाहावा. पण जवळ जाण्याचे धैर्य कुठले? बारीक वस्तूंचे फोटो घेण्याची खास भिंगे असतात. त्यांनी मोठे चित्र हवे तर वीतभर अंतरावर जावे लागते. माझ्या मुलाकडे पक्ष्यांसाठी घेतलेले 300 मिलिमीटरचे लांब भिंग होते. ते माझ्या भित्र्या स्वभावाला मानवले. चार हातांवरून फोटो घेता येतो, आपली सावली जाळ्यावर पडत नाही आणि कोळीही बिचकत नाही.

अडचणी मात्र आल्या. अशा भिंगाला फार जवळचे स्पष्ट दिसत नाही. त्यासाठी कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये एक पोकळ नळी बसवतात. तिच्यात काच नसते, पण तिने जवळचे टिपता येते. उजेड मात्र थोडा कमी होतो. लांब भिंगात हाताचा कंपही मोठा होऊन उमटतो. मी कापडी पिशवीत हरभरे भरले, ती स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर भिंग टेकवले. डोळे स्पष्ट आले तर पाय पुसट येतात, म्हणून भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते. वारा सुटण्याआधीची सकाळ यासाठी उत्तम.

पहिला चांगला फोटो बांधावरच्या कोळ्याचा आला. जाळ्याच्या मध्यावर डोके खाली करून, आठ पाय जोडीजोडीने फुलीसारखे पसरून ती बसली होती. हो, 'ती'च! एवढे मोठे जाळे विणून बसते ती मादी. नर तिच्यापुढे अगदी चिमुकला. दुसरा फोटो जमिनीवर धावणाऱ्या लांडगा कोळ्याचा. ही मादी अंड्यांची गोळी पोटाच्या टोकाला चिकटवून हिंडते आणि पिले बाहेर आली की त्यांना पाठीवर घेऊन फिरते. भिंगातून ती पाठीवरची गर्दी दिसली आणि इतकी वर्षे चप्पल उचलणाऱ्या माझ्या हाताची मलाच लाज वाटली.

आपल्या भागात कपाशी पुष्कळ. तिच्यावरचे तुडतुडे, मावा यांना कोळी खातो. सरसकट फवारणीत किडीबरोबर हा राखणदारही मरतो. म्हणून फवारणीआधी दहा-वीस झाडांची पाने उलटून पाहा, असे घरच्या मंडळींना अवश्य सांगा.

कोळ्याला मानही मिळाला आहे बरे! 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यात जिवंत अतिरेक्याला धरून ठेवताना वीरमरण आलेले पोलीस तुकाराम ओंबळे आपणांस ठाऊक आहेत. महाराष्ट्रात सापडलेल्या, उड्या मारणाऱ्या एका नव्या कोळ्याला 2021 साली शास्त्रज्ञांनी 'आयसियस तुकारामी' असे नाव दिले. ज्या जिवाला आपण केरात लोटतो, त्याला एका वीराचे नाव शोभावे, यातच सारे आले.

जळमटे जरूर काढा. घर स्वच्छ हवेच. पण कोळी दिसला तर त्याच्यावर पेला पालथा घाला, खालून कागद सरकवा आणि त्याला परसात सोडा. आणि अंगावर पट्ट्याने फोड उठले तर कोळ्याचे नाव घेत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माझ्या भाषणातले एवढे एक जरी कोणाच्या उपयोगी पडले, तरी सासूबाईंचे थोडेसे ऋण फिटले असे मी समजेन.