दुआ हवी, दवाही हवी
(चाळीसगाव येथे विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि पालकांनो,

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला आहे, पण त्याचा परिवार जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. आपली मुलंही त्यातलीच. सकाळी एसटीने कॉलेज, दुपारी दुकान, रात्री अभ्यास. त्यात परीक्षा आली, फी थकली, घरात लग्नाची बोलणी सुरू झाली, की सगळा भार एकाच डोक्यावर. ऑगस्ट २०२१ च्या पुरात आपल्या गावातल्या घरादुकानांत चिखल भरला. तो आपण उपसला. मुलांच्या मनात काय साचलं, हे कितीजणांनी विचारलं?

मी माझी चूक सांगतो. माझ्याकडे शिकवणीला येणारा एक मुलगा महिनाभर नीट झोपला नव्हता, जेवणही तुटलं होतं. मी म्हणालो, "नमाज पढ, बरं वाटेल." तो पढतच होता! नमाजचा त्याला आधार होता, पण गरज डॉक्टरांचीही होती. उपचाराने तो सावरला. मधले महिने मात्र माझ्यामुळे वाया गेले.

मन आजारी पडणं म्हणजे ईमान कमजोर असणं नव्हे. अकराशे वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी या मुस्लिम विद्वानाने शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याचा विचार एकाच ग्रंथात केला होता. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय झाली, आणि तिथले मुजावर रुग्णांना डॉक्टरांकडे पाठवू लागले. दुआ थांबली नाही. तिला दवेची जोड मिळाली.

आता कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं म्हणणं असं, की जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र तणावाखाली आहे असं धरायचं आणि त्याची काळजी घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आदेश दिला, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि मदतीचे फोन नंबर ठळक लावलेले हवेत. प्राचार्यांना भेटा, अदबीने विचारा: आपला समुपदेशक कोण, कोणत्या दिवशी भेटतो? ही मेहरबानी नाही, हक्क आहे.

पालकांनो, निकालाच्या दिवशी आधी "जेवलास का?" विचारा, मार्क नंतर. शेजारच्या मुलाशी तुलना नको. मुलगी गप्प झाली तर तिला नखरे म्हणू नका.

मित्रांनो, सोबती वर्गात दिसेनासा झाला, "मी नसलेलाच बरा" असं बोलू लागला, तर थट्टा करू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका, मोठ्यांना सांगा. १४४१६ हा सरकारी टेलि-मानस नंबर आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

आत्ताच मोबाइल काढा आणि तो नंबर साठवा. मी थांबतो तेवढा वेळ.