मताधिक्य आणि वजन

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)



पारोळ्याहून महामार्गाने धुळ्याकडे निघालो की तासाभराच्या आत आपण दुसऱ्या लोकसभा मतदारसंघात असतो. रस्ता तोच, शेतातली कपाशी तीच, बोलणेही तेच अहिराणी. पण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत या दोन शेजाऱ्यांचे निकाल अगदी दोन तऱ्हांचे लागले. जळगावची जागा अडीच लाखांहून अधिक मतांनी गेली आणि धुळ्याची अवघ्या ३,८३१ मतांनी. त्याच दिवशी, ४ जून रोजी, दिल्लीत दहा वर्षांनी पुन्हा अशी वेळ आली की सर्वांत मोठ्या पक्षाला स्वतःच्या बळावर बहुमत नाही. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, ते आज पाहू.

आधी घरचे. पारोळ्याला या वेळी गावातलाच उमेदवार मिळाला होता. माजी नगराध्यक्ष करण पवार भाजप सोडून उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेत गेले आणि मशाल चिन्हावर उभे राहिले. त्यांच्याबरोबर त्या वेळचे भाजपचे खासदार उन्मेष पाटीलही गेले, कारण त्यांची उमेदवारी कापून पक्षाने ती अमळनेरच्या स्मिता वाघ यांना दिली होती. (गंमत अशी की २०१९ मध्ये नेमके उलटे घडले होते. तेव्हा स्मिता वाघ यांची जाहीर झालेली उमेदवारी ऐनवेळी काढून उन्मेष पाटलांना दिली गेली होती.) ‘आपला गावना पोऱ्या शे’ एवढ्यावर गावात मत मागता येते. पण लोकसभेचा मतदारसंघ सहा विधानसभा क्षेत्रांचा. चाळीसगावच्या किंवा जळगाव शहरातल्या मतदाराला पारोळ्याच्या पोऱ्याचे काय? स्मिता वाघ सुखाने निवडून आल्या. तरी २०१९ चे चार लाखांवरचे मताधिक्य अडीच लाखांवर उतरले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आघाडी म्हणजे काय चीज आहे, ते दिल्लीच्या आधी पारोळ्यानेच पाहिले. इथले विधानसभेचे राजकारण चिमणराव पाटील आणि डॉ. सतीश पाटील या दोघांभोवती फिरत आले. २००९ ला चिमणराव, २०१४ ला डॉक्टर, २०१९ ला पुन्हा चिमणराव. एक शिवसेनेचे, दुसरे राष्ट्रवादीचे. पुढे दोन्ही पक्ष फुटले. मग ज्या कार्यकर्त्यांची उमर शिवसेनेला पाडण्यात गेली, त्या शरद पवारांच्या कार्यकर्त्यांवर शिवसेनेच्याच मशालीसाठी मते मागण्याची पाळी आली. वरचे नेते एका बैठकीत हात मिळवतात, पण गावात दोन गल्ल्यांतले वैर मिटायला एक उन्हाळा पुरत नाही.

आता धुळे. तिथे काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांनी भाजपचे दोन वेळचे खासदार डॉ. सुभाष भामरे यांना हरवले. ३,८३१ मते म्हणजे किती? मतदारसंघात साधारण दोन हजार मतदान केंद्रे धरा. १,९१६ माणसांनी मत इकडचे तिकडे केले असते तर निकाल फिरला असता, म्हणजे केंद्रामागे एक माणूससुद्धा पुरला असता. तोही ऊन फार आहे म्हणून घरी राहणारा नव्हे, मत बदलणारा.

निकालानंतर सगळ्यांचे बोट मालेगाव मध्यकडे गेले. एकट्या त्या विधानसभा क्षेत्राने बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि उरलेल्या पाच क्षेत्रांतली भामरे यांची सारी आघाडी त्यात बुडाली. या मतांना पुढे प्रचारात बरीच नावे ठेवली गेली. मला ते पटत नाही. शिंदखेड्यातल्या मताइतकेच मालेगावातले मत. आणि हा गठ्ठा कायमचा बांधलेला आहे, असेही नाही. २००९ मध्ये मालेगावचे निहाल अहमद वेगळे उभे राहिले, सत्तरेक हजार मते घेऊन गेले, आणि काँग्रेसचे अमरीशभाई पटेल वीस हजारांहून कमी मतांनी पडले. २०२४ मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला आणि मते फुटायला जागाच उरली नाही. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत विधानसभा निवडणूक आली, तेव्हा त्याच मालेगाव मध्यमध्ये मुफ्ती इस्माईल आणि आसिफ शेख यांच्यात अशी चुरस झाली की १६२ मतांनी निकाल लागला. याला गठ्ठा म्हणायचे कसे?

शिवाय मालेगावच्या आघाडीने बुडवले हे खरे, तसेच उरलेल्या पाच क्षेत्रांत पुरेसे कमावले नव्हते हेही खरे. बागलाण आणि मालेगावचा ग्रामीण भाग कांद्याचा. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली ती मे २०२४ मध्ये, म्हणजे धुळ्याच्या मतदानाला दोन-अडीच आठवडे उरले असताना उठवली; तीही ४० टक्के निर्यात शुल्क लावून. चाळीतला कांदा मातीमोल झालेल्या घरांत त्या केंद्रामागच्या एका माणसाला शोधायला फार लांब जावे लागत नाही.

खान्देशच्या चारही जागा २०१४ ला आणि २०१९ ला भाजपच्या होत्या. २०२४ ला दोन राहिल्या, जळगाव आणि रावेर. धुळे, नंदुरबार काँग्रेसकडे. राज्यात भाजप २३ वरून ९ वर आला. देशात ३०३ वरून २४० वर. म्हणजे पक्षाने गमावलेल्या ६३ जागांपैकी १४ एका महाराष्ट्रातल्या होत्या.

बहुमताला २७२ लागतात. मित्रपक्ष धरून आकडा २९३ झाला. त्यात तेलुगू देसमचे १६ आणि संयुक्त जनता दलाचे १२. वहीवर मांडून पाहा. एकट्या चंद्राबाबूंनी पाठिंबा काढला तर २७७ उरतात, एकट्या नितीशकुमारांनी काढला तर २८१, सरकार टिकते. दोघांनी मिळून काढला तर २६५, सरकार पडते. आपल्याकडच्या शिंदे यांच्या शिवसेनेचे सात खासदारही कमी वजनाचे नव्हते. ते आणि तेलुगू देसम मिळून गेले असते तर २७० उरले असते. त्या सातांपैकी मुंबईचे रवींद्र वायकर तर ४८ मतांनी निवडून आले होते. लोकसभेत हात वर करताना अडीच लाखांच्या मताधिक्याचा हातही एकच आणि ४८ मतांचाही एकच. मताधिक्य मतदारसंघातच राहते. दिल्लीत वजन येते ते जागा तराजूच्या कोणत्या काट्यावर पडली यावरून.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते वजन दिसले. अमरावती राजधानीसाठी १५ हजार कोटींची सोय, बिहारच्या रस्त्यांसाठी २६ हजार कोटी. त्यात गैर काही नाही. ज्याच्या हाती किल्ली, तो दार उघडून घेणारच. पण २००४ ची आठवण येते. तेव्हा काँग्रेसकडे १४५ च खासदार होते, डाव्यांचा बाहेरून पाठिंबा होता. सरकारने किमान समान कार्यक्रम कागदावर उतरवला. त्यातूनच २००५ चा ग्रामीण रोजगार हमीचा कायदा आला. आपल्या महाराष्ट्रात ही हमी आधीपासून होती, ती देशभर गेली. कार्यक्रम लेखी होता म्हणून ज्या भागाकडे किल्ली नव्हती, त्यालाही काही मिळाले. त्या कार्यक्रमावर बोट ठेवून भांडता तरी येत होते. २०२४ च्या आघाडीने असा कागद केला नाही. माझ्या मते खरी उणीव ती आहे.

खान्देशच्या वाट्याला एक राज्यमंत्रिपद आले. रावेरच्या रक्षा खडसे युवक कल्याण आणि क्रीडा खात्यात गेल्या. मंत्रिपद आले याचा आनंद आहेच. पण आपला प्रश्न कापसाचा.

१९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने आपल्या कापडावर ५० टक्के कर लादला होता, गिरण्या अडचणीत होत्या, हे कारण खोटे नव्हते. पण ते महिने म्हणजे आपल्या वेचणीचे आणि विक्रीचे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आणि बाजार त्याच्या खाली. घरात कापूस रचून भाववाढीची वाट पाहणे ही खान्देशची जुनी सवय. त्या वर्षी वाट पाहण्यासारखे काही उरले नाही. हमीभावाने सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी करणे भाग होते.

किल्ली हाती असलेल्या आंध्रातही कापूस पिकतो. गुंटूरकडेही तो होतो आणि तिथला खासदार तेलुगू देसमचाच. तरी शुल्क माफ झालेच. तेलुगू देसमने अमरावती मागून घेतली. कापूस त्यांच्याही यादीत वर नसावा. त्या हंगामात गुंटूरचा शेतकरी आणि पारोळ्याचा शेतकरी एकाच ॲपवर नोंदणी करत होते, आणि दोघांचेही खासदार सत्ताधारी बाकांवर होते.